उलटी पॅनलं

बोळिंज, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. निर्मळ गावातल्या हॉलचं वक्र छप्पर आम्ही कॉम्प्युटरवर चौकोनांत विभागलं आणि प्रत्येक चौकोनात एक पॅनल बसवलं. चार कोपरे कोणत्या क्रमाने क्लिक करतो, त्यावर पॅनलची बाहेरची बाजू ठरते. आमच्या ऑफिसच्या सावंत सरांनी अर्धी पॅनलं उलट्या क्रमाने बसवली. मी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, या पॅनलांच्या कडेच्या पाणी अडवायच्या पट्ट्या आत वळल्यात. पावसाचं पाणी हॉलमध्ये येईल."

"चित्रात कुठे दिसतंय?" म्हणाले.

आज पॅनल बनवणाऱ्या डिसोजाकाकांनी ती चूक पकडली, तर सर सगळ्यांसमोर म्हणतात, "मॉडेल हिने केलंय." आणि मी गप्प. का? अर्धी पॅनलं उलटी, सांगितलेलं मी, आणि गप्पही मीच.

दुपारभर बसून ती सगळी काढली, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून योग्य क्रमाने पुन्हा बसवली आणि फाइल पाठवली. सहाला काकांचा फोन आला. "आता बरोबर हाय. कोनी केलं?"

सर माझ्या मागेच उभे होते.

"सुधारलं मी," मी म्हटलं. "चुकवलं होतं सरांनी."

मागे वळून बघितलं नाही. पर्स उचलली आणि निघाले.