रेकॉर्डप्रमाणे वाजवावे, ही विनंती

आप्पा, ती चिठ्ठी मी लिहिली होती. रविवार सकाळच्या कार्यक्रमात निवेदकांनी माइकवरून वाचली ती. जिच्यानंतर तुम्ही मरेपर्यंत सगळं रेकॉर्डसारखंच वाजवत राहिलात, ती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता हे सांगून कोणाचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तरी सांगते, कारण घरात दुसरं कोणी ऐकायला नाही आणि परवाच्या कार्यक्रमापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. परवाचं मागाहून सांगेन, आधी जुनं सांगते.

आठवडाभर पैंजण आणि सुट्टीच्या दिवशी अकॉर्डियन, असं तुमचं चाललेलं असायचं. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, तसं आपल्याही पुढच्या खोलीत होतं. तुम्ही शेगडीपुढे बसून फुंकणीनं ज्योत फुंकत कड्या जोडायचात आणि मी शेजारी बसून घुंगरं लावायचे. अव्वा, माझी आई, मी सहावीत असताना गेली, त्यामुळे स्वयंपाक, शाळा, घुंगरं, सगळं आपल्या दोघांतच होतं. कार्यक्रमाला निघालो की कोल्हापूरच्या एसटीत खिडकीजवळ तुम्ही, शेजारच्या जागेवर अकॉर्डियनची पेटी आणि मी दांडी धरून उभी. एकदा कंडक्टर म्हणाला, "पावणं, पोरगी हुबी आन् पेटी बसल्या व्हय?" तुम्ही म्हणालात, "पोरीला पाय हाईत की. पेटीला कुठं हाईत?" सगळी गाडी हसली. मी रंकाळा स्टँड येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल पाय दुखले म्हणून. पाय नव्हते दुखले, आप्पा. तुमचं पेटीवरचं प्रेम मला सहन व्हायचं नाही, एवढंच.

तुमच्या ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी गाणी असायची, आणि त्यातल्या एका गाण्यासाठी लोक खास तुमच्याकरता यायचे. पहिल्या आणि दुसऱ्या कडव्याच्या मधे अकॉर्डियनचा एक पीस आहे. रेकॉर्डवर तो सरळ वरून खाली उतरतो आणि गायिका दुसरं कडवं उचलते. तुम्ही उतरायचाच नाहीत. अर्ध्यात थांबायचात, भाता धरून ठेवायचात, पुन्हा वर जाऊन कुठलीतरी भलतीच वाट धरायचात आणि मग अगदी सावकाश खाली यायचात. गायिका बिचारी माइक धरून तुमच्याकडे बघत उभी. तोवर निम्मं नाट्यगृह वाहवा करत असायचं आणि उरलेलं निम्मं चुळबुळत असायचं. कार्यक्रम सुटला की पायऱ्यांवर भांडणं ठरलेली. "हुपरीवाल्यानं गाण्यात जीव घातला बघा," असं एक जण म्हणाला की दुसरा लगेच, "जीव कसला, वाट लावली गाण्याची! आम्ही गाणं ऐकायला आलतो का ह्याचं कौतुक बघाय?" पेटी पाठीला लावून तुम्ही त्यांच्यामधून चालत जायचात आणि दोघांनाही नमस्कार करायचात.

मी कॉलेजला कोल्हापुरात यायला लागले तेव्हा या पायऱ्यांवरच्या दुसऱ्या कंपूत जाऊन बसले. त्यांचं एक श्रोता मंडळ होतं. दर गुरुवारी एकाच्या घरी जमायचं, रेकॉर्ड लावायची आणि कुठल्या गाण्यात कुठलं वाद्य कुठं येतं ते वहीत लिहायचं. त्यांच्यात मी सर्वांत लहान, आणि मुलगी म्हणून एकटीच. माझे कान फार तयार आहेत असं ते म्हणायचे. ते कान कुणी तयार केले हे मी त्यांना सांगितलं नाही. मी हुपरीची, एवढं त्यांना ठाऊक होतं. अकॉर्डियनवाल्याची मुलगी, हे माहीत नव्हतं, कारण कॉलेज लागल्यापासून मी कार्यक्रमाला तुमच्याबरोबर न येता परस्पर जायचे. ते तुम्हाला नावं ठेवायचे तेव्हा मी गप्प बसायचे, आणि पुढे पुढे गप्पही बसेनाशी झाले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण मी तर पिकलेलं दुसऱ्याच्या बाजारात नेऊन नासकं म्हणून दाखवत होते.

आणि चिठ्ठ्यांचा तुमचाच नियम. मध्यंतरात प्रेक्षकांनी फर्माईश चिठ्ठीवर लिहून पाठवायची आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी निवेदकांनी मोठ्यानं वाचायची, अगदी शिवी असली तरी. दुसरे ऑर्केस्ट्रावाले नको त्या चिठ्ठ्या खिशात घालायचे. तुम्ही म्हणायचात, लोक तिकीट काढून आलेत, त्यांना बोलू द्यावं. त्या रविवारी मी लिहिलं, "अकॉर्डियनवाल्यांनी घरी रेकॉर्ड ऐकून यावं. आम्ही गाणं ऐकायला येतो, त्यांची करामत नव्हे. रेकॉर्डप्रमाणे वाजवावे, ही विनंती." खाली नाव नाही. मला वाटलं होतं, निवेदक हसून पुढची चिठ्ठी घेतील. ते शाळामास्तर होते, भिडस्त माणूस. त्यांनी ती आधी मनात वाचली आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "वाचा की मास्तर. नेम म्हंजे नेम."

त्यांनी वाचली. निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, निम्मे ओरडले, "न्हाय न्हाय! आप्पा, तुमी तुमचंच वाजवा!" तुम्ही उठलात, दोन्हीकडे हात जोडलेत, गायिकेला खूण केलीत आणि तेच गाणं पुन्हा घेतलंत. पीस आला. वरून खाली, सरळ, जसा रेकॉर्डवर आहे तस्सा. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या कंपूतले लोक उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुम्ही समोर बघत होतात. मी सातव्या रांगेत होते. तुम्हाला दिसले का, ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर महिन्याभरात तो यंत्रमाणसाचा सिनेमा आला, दुसरा भाग. पहिला भाग मी शाळेत असताना तुम्ही मला तीनदा दाखवला होता. इंग्रजी सिनेमा, हिंदीत बोलणारा. त्यातला तो लोखंडी माणूस कमी बोलायचा, सांगितलेलं निमूट करायचा, आणि शेवटी सगळ्यांना वाचवून स्वतः बंद पडायचा. मी तिन्ही वेळा रडले होते. दुसऱ्या भागात त्याला पुन्हा चालू केलेला, आणि आता तो बडबडत होता, चुकत होता, कुणी सांगितलेलं ऐकत नव्हता. वर हिंदी आवाजही दुसऱ्याच कुणाचा. थिएटरात दहाव्या मिनिटाला आरडाओरडा सुरू झाला. "आवाज बदला! जुना आना!" मागच्या बाकावरचे काहीजण त्यांनाच दटावत होते, "गप बसा की रं, आमास्नी आवडाय लागलाय." मी दातओठ खात बसले होते. बाहेर आल्यावर आपण कॉकटेल खायला गेलो, आईस्क्रीम, फळं आणि वर जेलीचे तुकडे घातलेलं, आणि मी म्हणाले की हा दुसरा भाग काढायलाच नको होता. तुम्ही जेली चमच्यानं बाजूला सारत म्हणालात, "मला आवडला बघ. पैल्यात त्यो नुसता सांगितल्यालं करायचा. ह्यात सोताचं काय तरी बोलतोय तरी." मी म्हणाले, "आप्पा, पण लोकांना पहिल्यासारखाच पाहिजे असतोय." तुम्ही जेलीचे तुकडे ग्लासाच्या कडेला गोळा केलेत. मग म्हणालात, "व्हय. तसाच पायजे असतोय." आणि तुमच्या ग्लासातली जेली माझ्या ग्लासात घातलीत, कारण मला ती आवडायची. सांगायचं असतं तर तेव्हा सांगायचं होतं. मी जेली खाल्ली.

मग तुम्ही टेपरेकॉर्डर आणलात. शेगडीशेजारी ठेवून एकेक पीस पुन्हा पुन्हा ऐकायचात, कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं. काम आटोपलं की पेटी उघडायची आणि मला हाक मारायची, "पोरी, बस जरा. बघ, बरोबर हाय का?" मी वही घेऊन बसायचे. चुकलं की सांगायचे, इथे सूर लांबला, इथे एक जास्त आला. तुम्ही मान हलवायचात आणि दुरुस्त करायचात. आठ-नऊ वर्षं हे असं चाललं, आप्पा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बापलेकीचं किती गूळपीठ. मी मात्र एकच विचार करत बसायचे: तुम्ही मलाच का विचारता? ऑर्केस्ट्रात दहा जाणकार असताना, मलाच का? ती चिठ्ठी निवेदकांनी वाचून तबकात टाकली होती. कार्यक्रमानंतर ती तुम्ही उचललीत का? माझं अक्षर तुम्ही बघितलंत का? बघितलं असेल, तर पुढची सगळी वर्षं तुम्ही माझी विनंती मान्य करत होतात. नसेल बघितलं, तर ज्या माणसानं तुम्हाला अडवलं त्यालाच तुम्ही नकळत रोज घरात बसवून घेत होतात. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

लोकांचं म्हणाल तर ते तेव्हाही खूश नव्हते. दोन-तीन वर्षांतच पायऱ्यांवर बोलणं सुरू झालं, "आता नुसती कॅसेट लावल्यागत वाटतंय, मजा ऱ्हायली न्हाय." माझ्याच मंडळातले एक गृहस्थ, तुमची सर्वांत जास्त टवाळी करणारे, हुपरीला घरी आले. मी दार उघडल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते असो, पण ते मला काही बोलले नाहीत. तुमच्यासमोर बसून म्हणाले, "आप्पा, एकदा तरी तुमचं ते पूर्वीचं वाजवा की." तुम्ही हसून म्हणालात, "इसरलो, पावणं." मी आत चहा करत होते. मला ते खरं वाटलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही.

तुम्ही गेलात ते फार लवकर. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं. शेगडीचा धूर किती वर्षं ओढला होता कोण जाणे. त्या वर्षी घरातलं चांदीचं काम मी बंद केलं आणि कागलच्या एमआयडीसीत हिशेबनिसाची नोकरी धरली. लग्न झालं नाही. का झालं नाही ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही स्थळं बघायचात आणि मी प्रत्येकात खोट काढायचे. घर मोठं वाटतं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून कुलूप काढताना मी अजून खाकरते, आत कुणी असल्यासारखी. ही सवय लागली कशी, सांगता येत नाही.

परवा तुमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मास्तर आता थकलेत पण उभे राहतात. तुमच्या जागेवर एक तरणा कीबोर्डवाला आहे; अकॉर्डियन, सनई, व्हायोलिन सगळं त्या एका फळीतून काढतो, आणि वाईट काढत नाही. मध्यंतरानंतर मास्तरांनी चिठ्ठी वाचली: "हुपरीच्या आप्पांचा पीस वाजवावा, रेकॉर्डचा नको." टाळ्यांचा कडकडाट झाला. जे तेव्हा चुळबुळायचे तेही टाळ्या वाजवत होते, मी ओळखते त्यांना. कीबोर्डवाला गडबडला, म्हणाला, "मला तो कुणी शिकवला न्हाय." मास्तर म्हणाले, "तो कुठं टेप झालेला नाही हो. सभागृहात कुणाला येत असेल, नुसता गुणगुणता आला तरी, तर वर यावं." लोक माना वळवून एकमेकांकडे बघत होते. एक जण उठला, दोन सूर म्हणाला आणि बसला. ते चुकीचे होते.

मला सगळा येतो. कुठं थांबायचात, किती थांबायचात, पुन्हा वर जाताना कुठला सूर मुद्दाम टाळायचात, सगळं. तुमची चूक पकडायची म्हणून मी तो इतका बारकाईनं ऐकला होता की तो आता माझ्यातून जाणार नाही. मी खुर्चीचा दांडा धरून बसले. मास्तरांनी दोनदा विचारलं. मग ते म्हणाले, "बरं, रेकॉर्डप्रमाणे घ्या," आणि गाणं सुरू झालं.

घाबरले म्हणून उठले नाही असं मी परवापासून स्वतःला सांगत होते. आज हे लिहायला बसले तेव्हा कळलं की तसं नव्हतं. वर गेले असते तर मास्तरांनी विचारलं असतं, सांगा, कुठला चांगला? सगळे त्याच उत्तराची वाट बघत होते. आणि मला, आप्पा, अजूनही रेकॉर्डचाच आवडतो. तुम्ही गेल्यावर तरी आवड बदलेल म्हणून मी इतकी वर्षं थांबले. बदलली नाही. पण या घरात भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कुलूप काढताना माझ्या तोंडात जो येतो तो तुमचाच येतो, आणि अर्ध्यात जिथं तुम्ही भाता धरून ठेवायचात तिथं मीही थांबते. पुढचा सूर मला ठाऊक असतो. तरी थांबते, आणि तुम्ही घ्याल म्हणून वाट बघते.