औषध मला, पथ्य हिला

तीर्थरूप आईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. (वाकायला अजून मनाई आहे, तेव्हा हा खुर्चीतूनच, पण मान पुरेशी खाली घालून केला आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? शेजारीण अजून तुमच्याच दारासमोर चपलांचा ढीग मांडते का? आम्ही इकडे बरे आहोत. ‘आम्ही’ म्हणजे मी. हिच्याबद्दल हिनेच सांगितलंय, आईला लिहा मी ठणठणीत आहे म्हणून. आणि ती या घडीला माझ्या खुर्चीमागे उभी राहून अक्षर न् अक्षर वाचते आहे, तेव्हा लिहून टाकतो: ती ठणठणीत आहे.

फुप्फुसातला संसर्ग हॉस्पिटलातच गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मान हलवली आणि घरी जा म्हणाले. आलो, पण जिना चढताना मध्येच पायरीवर बसकण मारून. आता तुम्हाला ठाऊकच आहे, माझा धंदा काच फुंकण्याचा. भट्टीतला लालबुंद गोळा नळीच्या टोकाला उचलायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकून फुंकून त्याची बरणी करायची. ज्याला कपातलं दूध फुंकताना धाप लागते, त्याने बरण्या काय कपाळ फुंकायच्या! मालक भला माणूस, तुझी नळी कुणाला देणार नाही म्हणाला. (देऊन करतो काय, ती वाकडी आहे.) तरी धंदा गेला असंच मी धरून चाललो होतो, खोटं कशाला सांगू. मग हिने वैद्यबाईंना गाठलं. डॉक्टरांना विचारूनच हो! तेही म्हणाले, माझ्या गोळ्या सोडू नका, मग खुशाल जा.

मला वाटलं होतं वैद्यबाई एखादं जबरदस्त भस्म देतील. त्यांनी दिली पेज. म्हणाल्या, विझत आलेल्या आगीवर कुणी ओंडके टाकतं का, आधी काटक्या घालाव्या लागतात. मी भट्टीवरचा माणूस, मला ते लगेच पटलं, आणि पटलं म्हणून मोठ्याने बोलून बसलो. तिथेच फसलो. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मऊ भात. छातीला तेल आणि शेक. व्यायाम अर्ध्या शक्तीने, कपाळाला घाम आला की बस. शिवाय सुंठीचा काढा. (लोकांचा सुंठीवाचून खोकला जातो, माझा सुंठीला बघून पळाला.) आणि सगळ्यांत कडक नियम हा की खरी भूक लागल्याशिवाय खायचं नाही.

आता भूक खरी की खोटी हे ठरवायचं कुणी? अर्थात तुमच्या लेकीने. मी भूक म्हटलं की ही बिनमिठाची पेज समोर ठेवणार. मुकाट्याने प्यायलो तर भूक खरी, तोंड वाकडं केलं तर जिभेचे चोचले, वाटी परत. भट्टीवरचे सोबती भेटायला आले होते, त्यातला एकजण बोलता बोलता सहज पोटावर हात फिरवून बसला. त्यालाही पेज मिळाली. तो पुन्हा फिरकलेला नाही.

मधे एकदा दम किती आलाय ते बघावं म्हणून मी शेकायची रबरी पिशवीच तोंडाला लावून फुंकली. भोपळ्याएवढी फुगली हो! मी खूश. पुढच्याच क्षणी डोळ्यांपुढे काजवे, पिशवीतलं उरलेलं पाणी नाकातोंडात, आणि मी काढ्याच्या पातेल्यासकट जमिनीवर. ही धावत आली. मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण ती नुसती माझ्या शेजारी फरशीवर बसून पदराने माझं तोंड पुसत राहिली. आई, त्यापेक्षा तिचं बोलणं परवडलं.

असो. पथ्याने गुण आला हे मान्य करायला हवं. जिना आता बोलत बोलत चढतो. भातावर तूप आलंय, गालांवर थोडं मांस आलंय. भानगड एवढीच आहे की रोग्यासमोर दुसरं काही खाल्लं तर त्याला मोह होतो, म्हणून हिने पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर पेजच घेतली. मी एकेक पायरी चढत भातावर आलो. ही तिथेच. कारण माझं पुन्हा काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून पेज रोज राखीव शिजते, आणि शिजलेली वाया कशी घालवायची? म्हणून ही पिते. औषध मला, पथ्य हिला! परवा वैद्यबाई आल्या, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सरळ हिचंच मनगट धरून म्हणाल्या, “आता पेशंट ही.” (हे वाक्य खोडा असा हुकूम आहे. खोडलं आहे असं समजावं.)

तुमचा आज्ञाधारक (इलाजच नाही),
जावई

ता. क. ही सांगते आहे, काळजी करू नकोस आणि एवढ्या लांब येण्याची दगदग तर मुळीच करू नकोस.

ता. क. दुसरा. हा रस्त्यावर, पोस्टाच्या पेटीवर कागद ठेवून लिहितो आहे. अर्ध्या शक्तीने चालायला बाहेर सोडलंय, तेवढ्यात. आई, ही ठणठणीत नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. काल भांडं उचलताना भिंतीला टेकली आणि मला म्हणते, काही नाही, घसरले. मला भीती वाटते. हॉस्पिटलात माझी मला वाटली नव्हती एवढी. मी बरा आहे म्हटलं तर ऐकत नाही, कारण हॉस्पिटलात नेईपर्यंत मी हेच म्हणत होतो. विश्रांती घे म्हटलं तर माझाच ताप बघते. तेव्हा तुम्ही आजारी पडा. मोठ्या मनाने, कृपा करून, आणि लगेच. तुम्ही बोलावलंत तरच ती इथून हलेल. माझी चिंता नको, मला भात येतो. (करपतो, पण येतो.)

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा. आजार विचार करून निवडा. पोटाचं काही सांगू नका, ती लगेच पेज टाकेल. असं कळवा की वैद्यांनी दूध-तूप, चार घास पोटभर खायला सांगितलंय, पण समोर कुणी जेवणारं नसलं की घास घशाखाली उतरत नाही. मग तुम्ही जेवावं म्हणून ती जेवेल.