क्विन्सी बॅरो आणि माझी पारख

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण एकच. मी आधी सांगितलेलं खरं ठरलं की लोक म्हणतात, हे तर आम्हालाही माहीत होतं. तेव्हा पुरावा हवा. लिहून ठेवतो: यंदाच्या ड्राफ्टमध्ये आपल्या एरी अँकर्स फुटबॉल संघाने क्विन्सी बॅरोला घ्यावं. आर्कान्सातल्या एका कोपऱ्यातल्या कॉलेजचा पोरगा. बॉल झेलतो. हात एवढे मोठे की बॉल त्यात लिंबासारखा दिसतो.

वजन कमी करायचं. ब्रेड बंद. मेहुण्याशी वाद बंद.

३ मार्च, दुपार
मेहुण्याशी वाद झाला. चूक त्याची. फोन मी केला होता, पण विषय त्याने काढला.

वॉली म्हणजे माझ्या बायकोचा, लोरेनचा, धाकटा भाऊ. त्याचं म्हणणं, आपल्याला पंटर हवा. पंटर! आपल्या संघाला काही जमेना झालं की मैदानात येऊन बॉल लाथेने लांब भिरकावून देणारा माणूस. पंटर निवडायचा म्हणजे साखरपुड्यालाच घटस्फोटाचा वकील ठरवायचा. वॉली म्हणाला, दाजी, आपल्या संघाला सगळ्यात जास्त वेळा काय करावं लागतं ते बघा, आणि त्याच कामाला माणूस घ्या. त्याच्या डोक्यात नील थॉर्सन नावाचा कुणी लाथाड्या आहे. मी फोन ठेवला. ब्रेड खाल्ला, रागाने.

५ मार्च
दाताच्या डॉक्टरकडे. नवा आहे, आयर्लंडहून आलाय, बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. त्याचे हात माझ्या तोंडात असल्यामुळे सुरुवातीला अडचण आली. तोंड मोकळं झाल्यावर नीट समजावलं: कॉलेजात खेळलेल्या पोरांतून सगळे संघ आळीपाळीने एकेक पोरगा निवडतात, सात फेऱ्या, तीन दिवस, अख्खा देश टीव्हीसमोर. तो म्हणाला, यात तुमचं काय काम? मी म्हटलं, आमचं काम आधीचं, कुणाला घ्यायचं ते ठरवण्याचं. तो म्हणाला, संघ तुमचं ऐकतो? दाढ अजून ठणकतेय. डॉक्टर बदलणार.

७ मार्च, शुक्रवार
ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मटण बंद, म्हणून पोलिश क्लबात तळलेला मासा आणि पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या. आमच्या टेबलावर ड्राफ्ट सोडून दुसरा विषय नाही. क्लबची अध्यक्ष इर्माबाई हातात कालथा घेऊनच उभी राहिली आणि मोठी बातमी दिली. ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी अँकर्सचं सहाव्या फेरीतलं नाव एक साधा चाहता जाहीर करणार. इथेच, आपल्या धक्क्यावर, सरोवराच्या काठी. टीव्हीवर, देशभर. आणि तो चाहता यंदा आपल्या क्लबातून जाणार.

बावीस वर्षं मी या संघाला पत्रं लिहितोय, ईमेल पाठवतोय. गावात मला काय म्हणतात? गालिचेवाला चेस्टर. एकदा, फक्त एकदा, लोकांनी म्हणावं की चेस्टरला फुटबॉल कळतो. बाकी मला आयुष्यात काही नको. (दुकानाला नवी पाटी हवी आहे, पण तो वेगळा विषय.)

वॉलीनेही नाव दिलंय. मुद्दाम. जळकुकडा मेला.

१२ मार्च
कॉलेजच्या पोरांची धावण्याची चाचणी झाली. क्विन्सीला चाळीस यार्ड धावायला फार वेळ लागला म्हणे. घड्याळ बिघडलेलं असणार.

वॉलीने निकाल छापून माझ्या गाडीच्या काचेवर लावला.

१३ मार्च
वॉलीला सांगितलं, चाळीस यार्डाने काही सिद्ध होत नाही. मीसुद्धा धावून दाखवेन. चर्चच्या पार्किंगमध्ये दुकानातल्या टेपने अंतर मोजलं. मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वॉलीने स्टॉपवॉच धरलं. धावलो. तिसाव्या यार्डाला मांडीच्या मागे टण्णकन काहीतरी तुटलं.

उरलेले दहा यार्ड वॉलीच्या खांद्यावर हात टाकून. तो म्हणाला, दाजी, घड्याळ बंद करू का, कॅलेंडर आणू? तरी माझा मुद्दा सिद्ध झालाच. मी धावू शकत नाही, पण मला फुटबॉल कळतो. तसंच क्विन्सीचं.

लोरेन म्हणाली, या वयात शोभतं का. बर्फाची पिशवी मात्र तिनेच दिली.

१८ मार्च
अँकर्सच्या कार्यालयाला ईमेल. विषय: क्विन्सी बॅरो, अंतिम आणि गोपनीय. सोबत हातांचा अभ्यास. (आमच्या जेवणाच्या बशीवर त्याचा पंजा बरोबर मावतो. टीव्हीवर टेप लावून मोजलाय.)

उत्तर अर्ध्या मिनिटात! "आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." अर्ध्या मिनिटात म्हणजे माणूस तिथे वाट बघतच बसला होता. लोरेन म्हणते, हे आपोआप येतं. तिला संघाच्या आतल्या गोष्टी कळत नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार
क्लबात निवडणूक. इर्माबाईने नियम काढला: दोघांनीही, संघाने कुणाला घ्यावं आणि का, ते बोलायचं. मग हात वर.

वॉली उठला. म्हणाला, पंटर घ्या, नाहीतर गेल्या वर्षीसारखं होईल. बसला. एवढंच! तयारी शून्य.

मी उठलो. हातांपासून सुरुवात केली, मग क्विन्सीचं लहानपण, मग त्याच्या कॉलेजातला चिखल, मग आपल्या संघाच्या चुका, सालवार. सभागृहात इतकी शांतता की माशावरचं तेल थिजताना ऐकू यावं. दोघी बायका तर भारावून डोळे मिटून बसल्या होत्या. मी १९९७ पर्यंत पोचलो होतो तेवढ्यात वॉली उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, इर्माताई, माझं नाव मागे घेतो, दाजींनाच द्या, पण मासा तेवढा गरम करून आणा. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या! काही जण थेट स्वयंपाकघराकडे धावले, बहुधा ही बातमी सांगायला.

एकमताने निवड. घरी येताना मला रडूच आलं. लोरेनला म्हटलं, वारा आहे.

१ एप्रिल
सराव सुरू. रोज सकाळी शॉवरखाली: "सहाव्या फेरीत एरी अँकर्स निवडत आहेत... क्विन्सी बॅरो!" विराम योग्य जागी पडला पाहिजे. नजर कॅमेऱ्यात. कागदात बघून वाचणारी माणसं मला आवडत नाहीत, शोकसभेला आल्यासारखी वाटतात.

लोरेन बाहेरून ओरडली, सरावाला दुसरं नाव घे, त्यांनी दुसऱ्याच कुणाला निवडलं तर? मी म्हटलं, मोलाचं मत, लोरेन. मोलाचं. असं त्यांनी लेखी दिलंय.

१८ एप्रिल
मेहुण्याशी वाद नाही, असा निर्धार. चर्चमध्ये शेजारीच बसला होता. प्रवचन चालू असताना कानात पुटपुटला, थॉर्सनने सत्तर यार्ड लांब मारला. मी पुटपुटलो, बॅरोने एका हाताने झेलला. पुढच्या बाकावरून इर्माबाईने मागे वळून पाहिलं. तिची नजर अशी की आम्ही दोघंही एकदम गुडघ्यावर बसलो. गुडघ्यावर बसायची वेळ नव्हती.

२४ एप्रिल, गुरुवार
पहिली फेरी. क्विन्सीला कुणी घेतलं नाही. उत्तम. आपल्यासाठी उरला.

२५ एप्रिल
दुसरी आणि तिसरी फेरी. क्विन्सी अजून शिल्लक. अख्ख्या देशात कुणाला अक्कल नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतंय. उद्या माझ्या तोंडून त्याचं नाव. संघाने निवडलेलं नाव लिहिलेलं कार्ड ऐनवेळी हातात देणार आहेत. सूट इस्त्री केला. बटण पोटावर लागत नाही, पण बोलताना उघडाच बरा दिसतो. लोरेन तीनदा म्हणाली, चेस्टर, कार्ड वाच. फक्त कार्ड वाच. एवढं कळण्याइतका मी शहाणा आहे.

२६ एप्रिल, शनिवार
आज काही लिहायचं नाही.

२७ एप्रिल
वारा होता. सरोवरावरून असा सुटला होता की डोळ्यांत पाणी. शिवाय कार्ड गुळगुळीत. शिवाय प्रकाश समोरून. शिवाय दाढ.

२८ एप्रिल
बरं. लिहून टाकतो. नाहीतरी टीव्हीवर दर तासाला दाखवताहेत.

कार्ड मी पाहिलंच नाही.

पायऱ्या चढलो. समोर धक्क्यावर अख्खं गाव, निळ्या जर्सी घातलेलं. लोरेन पहिल्या रांगेत. ड्राफ्ट भरवणाऱ्या लीगच्या बाईने माझ्या हातात कार्ड दिलं. मी कॅमेऱ्यात बघितलं. तोंड आपोआप सुरू झालं, शॉवरखाली व्हायचं तसं. "सहाव्या फेरीत एरी अँकर्स निवडत आहेत..." विराम. इतका सुरेख विराम मी कधी घेतला नव्हता. "क्विन्सी बॅरो!"

गाव ओरडलं. कुणी टोप्या उडवल्या. मागच्या मोठ्या पडद्यावर आर्कान्सातलं एक घर दिसलं. एक म्हातारी सोफ्यावर चढून नाचत होती आणि तो पोरगा, तेच हात, तिला उचलून घेत होता. मी मनात म्हटलं, चेस्टर, बघ, हे तू केलंस.

मग कानाला यंत्र लावलेला एक माणूस वाकून वाकून माझ्याजवळ आला, आणि अगदी हळू म्हणाला, साहेब, कार्ड वाचा ना.

कार्डावर नील थॉर्सन. पंटर.

ते पुन्हा माइकवर मीच सांगायचं होतं. सांगितलं. आवाज कुठून आला कोण जाणे. टाळी एकच वाजली, वॉलीची. पडद्यावर ती म्हातारी अजून सोफ्यावरच उभी होती, तिला कुणीतरी खाली उतरवत होतं. पोरगा तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. लग्नात सासऱ्याच्या अंगावर बीटाचं सूप सांडलं होतं, तेव्हाही नाही.

२९ एप्रिल
कालचं अर्धंच लिहिलं होतं. माझ्यानंतर तासाभराने टोलेडोच्या संघाची पाळी आली. टोलेडो! ज्यांचं नाव आमच्या घरात जेवताना काढत नाहीत. त्यांनी क्विन्सीला घेतलं. त्यांचा मॅनेजर हसत हसत टीव्हीवर म्हणाला, खरं सांगायचं तर हा मुलगा आमच्या यादीतच नव्हता. एरीचे ते काका त्याचं नाव एवढ्या प्रेमाने ओरडले की आम्ही म्हटलं, बघू तरी कोण आहे. बघितलं, आवडला.

म्हातारी पुन्हा सोफ्यावर चढली. ते बघून मला बरं वाटलं. हे फक्त इथे.

आता दरवर्षी दोनदा तो आपल्याच विरुद्ध खेळणार. दुकानात दिवसभरात एक गिऱ्हाईक. तेही विचारायला आलं होतं की टोलेडोत शाखा कधी काढताय.

२ मे
शुक्रवार, पण क्लबात मासा खायला गेलो नाही. इर्माबाईने डबा पाठवला. वर चिठ्ठी: कुणी रागावलेलं नाही, पण काही दिवस येऊ नकोस.

वॉली आला. मला वाटलं, टोमणे मारायला. पण तो म्हणाला, दाजी, तुमचा पोरगा खरंच चांगला आहे हो. मी म्हटलं, तुझा लाथाड्याही बरा आहे. मग आम्ही डब्यातला मासा खाल्ला. वाद झाला नाही. दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

१७ मे
हायवेवर पेट्रोल भरत होतो. पलीकडच्या पंपावर केशरी टोपी. टोलेडोचा माणूस. माझ्याकडे टक लावून बघतोय. म्हटलं, झालं, आता हा घालूनपाडून बोलणार. तो जवळ आला. तुम्हीच का ते, म्हणाला. मी म्हटलं, हो, मीच.

त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, क्विन्सी सरावात येईल तो बॉल झेलतोय, आमचं गाव वेडं झालंय. आमच्यात कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. काका, तुम्ही कसं ओळखलंत?

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. हातांपासून सुरुवात केली. मग लहानपण, मग चिखल. टाकी कधीच भरली होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो पंपाला टेकून ऐकत राहिला, मान हलवत, थेट १९९७ पर्यंत. त्याच्यापुढचंही सांगितलं. त्याच्यापुढचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. शेवटी त्याने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोघांचा फोटो काढला. आता तो फोटो सगळीकडे फिरतोय. वॉलीने पाठवला, इर्माबाईने पाठवला, दाताच्या डॉक्टरनेही पाठवला.

लोरेनने चष्मा लावून नीट बघितला. मला वाटलं, आता टोपीवरून भडकणार. ती म्हणाली, आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तू इतका खुश दिसत नाहीस.