डायनासोरची टोपी

राहाता

प्रज्ञा, जयभीम.

तू सम्यकला घेऊन माहेरी पारनेरला गेलीस, तेव्हापासून मी त्याची डायनासोरची टोपी विणतेय आणि उसवतेय. पिवळ्यावर हिरवे डायनासोर. दोन रंगांत विणताना मागचा धागा सैल सोडायचा असतो. पण योगेश समोर बसून "मी न्हाई जाणार, तीच यील," म्हणतो, की माझा हात घट्ट होतो आणि धागा आवळला जातो. टोपी नारळालासुद्धा बसेना. लेक माझाच आहे, पण रात्री तो तुला काय काय बोलायचा, ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

हे पत्र टाकत नाही. सकाळच्या एसटीनं मीच निघते, लोकर घेऊन. घाबरू नकोस, परत चल म्हणायला येत नाही. सम्यकच्या डोक्याचं माप घेईन आणि तुझ्याशेजारी बसून विणीन. तिथं तरी हात सैल पडेल.

सम्यकची आजी,
विमल