नदीकडची दारं

९ सप्टेंबर, शनिवार सकाळ

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण अकरा वर्षांत तू काही कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण गोठा अजून मीच झाडते.

आता मुद्द्यावर येते. नदीकाठाने रस्ता करायचा म्हणून आपलं घर पाडायला तू संमती दिलीस, तो कागद मला रस्त्याच्या लोकांनी दाखवला. सही अजून तशीच आहे तुझी, मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी. उंटावरून शेळ्या हाकायला बरं जमतं तुला. घर दोघांच्या नावावर आहे आणि मी सही करणार नाही. पण माझ्या एकटीच्या नकाराने रस्ता थांबत नाही, म्हणून वारसा समितीकडे अर्ज केला, की ही जुनी वास्तू आहे, हिला हात लावू नका. लोक म्हणाले, हिला वेड लागलंय. म्हणू देत.

परवा समितीच्या पाहणीवाल्या बाई आल्या. दिवसभर भिंती ठोकत, टेप लावत, लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फरशी नवी. गिलावा कितीदा तरी बदललेला. नदीकडची अख्खी भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची. यात जुनं काय उरलंय हो?"

"मी," म्हटलं.

हसल्या नाहीत. मग मी त्यांना दार काढून दाखवलं. खाली पहार घातली, जरा जोर दिला, दार बिजागरीतून वर. सांगितलं, या घराने पुराशी कधी भांडण काढलं नाही. पाणी पायरीला लागलं की नदीकडची दोन आणि अंगणाकडची दोन दारं काढून माळ्यावर न्यायची. पोती वर, गुरं टेकाडावर. पाणी इकडून येतं, तिकडून जातं. उतरलं की चिखल उपसायचा, गिलावा करायचा, दारं परत लावायची. पणजोबांपासून हेच चाललंय. वरच्या अंगाला दगडी घरं होती, ती गेली. आपलं विटांचं उभं आहे. तुमचं ते वारसा मूल्य फरशीत काय शोधता, म्हटलं, आम्ही हे जे करत आलो ते लिहा.

बाईंना पटत होतं, पेन चालत होतं. मग थांबलं. "दरवेळी दारं काढली होती?"

"दरवेळी."

"मग ही भिंत का पडली?"

घुम्या, हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा गाईच्या पुढे गेलंच नाही.

बाईंना जे सांगितलं ते तुलाही सांगते. तुला ठाऊकच आहे म्हणा. त्या शेवटच्या मोठ्या पुराच्या सकाळी तू चारही दारं काढलीस आणि गुरं घेऊन गेलास. जाताना बजावलंस, नावाडी बाबांना न्यायला येईल, तोवर पाणी आत येऊ दे. बाबा अर्धांगवायूने खाटेवर, मधल्या खोलीत. पाणी खाटेला लागलं आणि ते म्हणाले, "पोरी, थंडी वाजते गं." मला ते ऐकवेना. मी नदीकडची दोन्ही दारं माळ्यावरून ओढत आणून परत बसवली, फटींत गोण्या कोंबल्या. तासाभरात भिंत आत आली. नावाड्याने बाबांना ढिगातून ओढून काढलं.

बाबांनी विचारलं, दारं का नव्हती काढली? मी म्हटलं, घुम्याने काढलीच नाहीत.

तू तेव्हा उंबऱ्यात उभा होतास, नखशिखांत भिजलेला. ऐकलंस, माझ्याकडे बघितलंस आणि गुरांना वैरण टाकायला गेलास. बाबा पुढे दोन महिने जगले, तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते गेले, मग तूही गेलास.

का नाही बोललास रे? एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. चूक माझी, खोटं माझं, आणि राग अजून तुझ्यावरच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असतील.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "दारं काढली तेव्हा घर टिकलं. एकदाच लावली, तेव्हा पडलं. तुमच्या पद्धतीला याहून मोठा पुरावा नाही. लेखी द्याल?" दिलं. खाली सही केली.

वीस तारखेला दुपारी सुनावणी आहे. तो जबाब सगळ्यांसमोर वाचला जाईल, नावाडीही असेल. तुला वाटेल, घर वाचवायला ताई खरं बोलली. सुरुवात तशीच झाली, नाकारत नाही. पण बाईंनी हेही सांगितलं, की तू संमती मागे घेतली नाहीस तर अर्ज टिकायचा नाही. नाही टिकला तरी जबाब मी मागे घेणार नाही. घर गेलं तरी तो वाचला जाईल, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

पत्रातून माफी मागत नाही. मागितली तर तू पुन्हा गप्प बसशील, आणि मिळाली असं मी धरून चालेन. ते आता नको. वीस तारखेला ये. माझ्या तोंडावर, चार लोकांत, काय बोलायचं ते बोल. शिव्या दे. घर पाडा म्हणालास तर मी पहार घेऊन आडवी येईन, ते मी बघते. पण बोल.

बाबांशी खोटं बोललेली,
तुझी ताई