माझ्या फंक्शनच्या शेवटी तू घातलेली ओळ

चारोटी
बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

इतके महिने तुला लिहिलं नाही, माफ कर. तुझ्या तेराव्याला या वहीत एक पान लिहिलं होतं, त्यात तुझं कौतुकच होतं. ते पान आज फाडलं. 'प्रिय' हा शब्दसुद्धा सवयीने लिहून गेले. खोडला तर आणखी वाईट दिसेल, म्हणून राहू देते.

आज लिहिते आहे, कारण दुपारी मला तुझी ओळ सापडली.

सकाळी तलासरीच्या कल्पना सिस्टरचा फोन आला. "मॅडम, तुमचा कंप्युटर पाडे गिळतो का हो? सुकरी चौथ्यांदा येऊन गेली. 'माझे पोरीचा कागद आला का?' मी आपली नाही नाही म्हणते. पोरगी हातपाय ठणकतात म्हणून रडते, आणि आम्ही तापाच्या गोळ्या देत बसलोय."

मी डहाणूला दवाखान्याच्या कार्यालयात गेले. सिकलसेलच्या रक्ततपासणीच्या अहवालांची पाकिटं एका खणात नीट रचून ठेवलेली होती. एकोणीस, सगळी तलासरीकडच्या नव्या पाड्यांची! तिथल्या जयूबेन म्हणाल्या, "आमच्याकडे आले ते ठेवले, बेन. ज्याचे असतील ते मागायला येतील ना?" त्यांना काय बोलणार? त्यांच्याकडे पाठवणारे आपणच.

सुकरीच्या पोरीला सिकलसेल आहे. चार वर्षांची आहे ती, दादा. वेळेवर कळलं असतं तर रोजची गोळी सुरू झाली असती. पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, हे तिच्या आईला कळलं असतं. काय अवघड होतं त्यात?

परत येऊन प्रोग्राम उघडला. पाड्याचं नाव टाकलं की अहवाल कुठल्या सिस्टरकडे पाठवायचा ते सांगणारा, आपला दोघांचा प्रोग्राम. डहाणूच्या पाड्यांचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, तुझं, तलासरीच्या पाड्यांचं माझं. दोन्ही पार्शल. म्हणजे जे पाडे माहीत आहेत त्यांचंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांना 'हे माझ्याकडे नाही' म्हणून बाजूला व्हायचं. मग ती एकामागे एक जोडायची. पहिल्याकडे नसेल तर दुसऱ्याला विचारायचं. कुणाकडेच नसेल तर पडद्यावर लाल अक्षरांत 'पाडा सापडला नाही' यावं, आणि कुणीतरी माणसाने फोन उचलावा. मला यातलं एक फार आवडायचं. फंक्शनला आधी विचारता येतं, तुला हे येतं का? आपल्या घरात असं विचारायची पद्धत नव्हती.

दवाखान्याला प्रोग्राम दाखवायचा होता त्याच्या आदल्या दिवशीचं आठवतंय तुला?

"वंदे, माहीत नाही म्हणणारा प्रोग्राम कोण घेईल?"

"दादा, चार घरं ओढ्यापलीकडे राहायला गेली की त्यांच्यातल्या जाणत्याच्या नावाने नवा पाडा होतो. तो यादीत कसा असेल?"

"होईल तेव्हा बघू. उद्या लाल अक्षरं नकोत मला. जा, समोरून वडे घेऊन ये. आणि मिरच्या माग, तो विसरतो."

आणि मी गेले! चाळिशी ओलांडलेली, शिकलेली बाई, मिरच्या मागायला गेले. तेवढ्यात तू माझ्या फंक्शनच्या शेवटी ओळ घातलीस: दुसरं कुठलंही नाव आलं तर डहाणू कार्यालय. तुझ्या नाही, माझ्या. मला सांगितलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं दिसलं, शाबासकी मिळाली. मीही ती घेतली.

तू गेल्यावर मी नव्या पाड्यांचं तिसरं फंक्शन लिहिलं, सिस्टरबरोबर बसून, एकेक नाव विचारून. ते शेवटी जोडलं. पण तिथवर पोचणार कोण? तुझ्या त्या ओळीमुळे माझं फंक्शन कुठल्याही नावाला 'मला येतं' म्हणत होतं. तिसऱ्याला कधी कुणी विचारलंच नाही.

बाबांच्या आजारपणातही असंच. शेजारी बसलेली मी, डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, आणि दारातून उत्तर तू द्यायचास. कितीदा चुकीचं दिलंस, ठाऊक आहे? मी नंतर जिन्यात गाठून डॉक्टरांना खरं सांगायचे. तुला कमीपणा नको म्हणून! ते तरी कशाला केलं मी?

चूक फक्त तुझी आहे का, हे दुपारपासून स्वतःला विचारते आहे. तिसरं फंक्शन मी एकटं चालवून पाहिलं. दहा नावं टाकली, दहाही बरोबर आली. तिन्ही जोडून पाहिली नाहीत. माझं जुनं फंक्शन उघडून वाचलं नाही, कारण ते माझं होतं, त्यात काय बघायचं? ही चूक माझी. तिने तुझी कमी होत नाही, एवढं मात्र लिहून ठेवते.

ती ओळ काढली. तिन्ही जोडून तपासली. सिस्टरला फोनवर एकोणीस नावं वाचून दाखवली.

"पोरीच्या गोळ्या मी आजच सुरू करते," ती म्हणाली. "बाकीच्यांनाही गाठते. पण एवढा उशीर का झाला ते सुकरीला तुम्ही येऊन सांगा. तुमच्यामुळे मी चार वेळा खोटी पडले तिच्यासमोर."

तेव्हापासून एक वाक्य माझ्या जिभेवर तयार आहे: 'माझ्या भावाने केलं, तो आता नाही.' किती सोपं! सुकरी ऐकून घेईल, वर मलाच धीर देईल. मेलेल्या माणसाबद्दल कोण वाईट बोलतं?

ते वाक्य मी बोलणार नाही, हे वचन. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. तिला तिच्या पोरीबद्दल ऐकायचं आहे, तुझ्याबद्दल नाही. मी चुकले, एवढंच सांगेन, आणि ती जे बोलेल ते उभी राहून ऐकेन. तुझ्याशी माझं भांडण इथे वहीत, आपल्या दोघांत.

अजून रागातच असलेली,
वंदना

उद्या: सकाळच्या एसटीने तलासरी, सुकरीच्या घरी अहवाल घेऊन जाणे.