मानवणारी हवा

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड येऊन चार महिने झाले. त्यावर दोनच ओळी, त्यामुळे आता तोंडपाठ आहेत. 'बाबा, निवृत्त झालात की इकडे राहायला या. इथली थंडी तुम्हाला मानवेल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.' पहिली ओळ वाचून बरं वाटलं. दुसरी तू सहज लिहिलीस की मुद्दाम, ते मला अजून उमगलेलं नाही. उत्तराला उशीर झाला तो तिच्यामुळे.

आधी इकडची खबरबात. बागेतलं काचघर अजून उभं आहे, आणि मीही. या महिनाअखेर किल्ल्या परत करायच्या आणि बागेमागची आपली खोलीही सोडायची. काल शाळेची मुलं आली होती. तेहतीस वर्षं जे सांगतो तेच सांगितलं. सूर्य तिन्ही दालनांवर एकच, पण पाणी किती आणि ऊब किती यावर झाडाचा सगळा संसार ठरतो. पावसाच्या दालनात पानं रुंद आणि टोकाला निमुळती, म्हणजे पाणी लगेच निथळून जातं. दार ओलांडलं की वाळवंट. तिथे पानांचे काटे झालेले आणि खोडाला चुण्या, पाणी मिळालं की चुण्या फुगून भरतात. शेवटच्या थंड दालनात सगळी जमिनीला चिकटून बसलेली, कारण तिकडच्या वाऱ्यात डोकं वर काढलं की संपलं. एका मुलीनं विचारलं, यातली सगळ्यात चांगली हवा कुठली. मी म्हटलं, ज्याला जी मानवेल ती. तिला ते पटलेलं दिसलं नाही. मुलं गेल्यावर काचेवरचे बोटांचे ठसे पुसले, दोन-चार तसेच ठेवले.

तुझं स्टूल अजून वाळवंटातच आहे. आई गेली त्या वर्षी तुझा दमा फार वाढला होता. पावसाच्या दालनात पाऊल टाकलंस की छाती वाजायची, म्हणून मी तुला निवडुंगांमध्ये अभ्यासाला बसवायचो. कोरड्या हवेत तू मोकळा श्वास घ्यायचीस आणि मीही. घरी आल्यावर तुझ्या फ्रॉकच्या खिशांतून बिया निघायच्या, धुवायच्या कपड्यांत कोंब फुटायचे. आता त्या स्टुलावर नळवाला पाने ठेवतो, नट-बोल्ट पिळायचे. तो परवा म्हणाला, तुम्ही झाडांना पाणी कमी आणि गप्पाच जास्त घालता. मी हसलो. दिवसभरात तेवढाच एक माणूस माझ्याशी बोलतो, त्याच्यावर रागावून कसं चालेल.

आता तुझ्या उशीबद्दल. निघताना तू ते गोल, उशीसारखं दाट झाड थंड दालनात ठेवून गेलीस आणि एवढंच म्हणालीस, उशीला सांभाळा. तू गेल्यावर आठवड्याभरातच मी तिला उचलून खोलीवर आणलं. तिकडे गारठ्यात एकटी राहील, असं मनाशी म्हटलं. खरं तर मलाच खोलीत कुणीतरी हवं होतं. खिडकीत ठेवलं, शेजारी शेगडी. पाच वर्षं ती उबेत वाढली आणि उशीचं पार शेवग्याच्या शेंगेसारखं झालं, लांब, फिकट, वाकलेलं. फूल एकदाही नाही. मी खत बदललं, कुंडी बदलली, शेगडी आणखी जवळ सरकवली. तेहतीस वर्षं लोकांना हवामान शिकवणारा माणूस, आणि घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या हिवाळ्यात खोलीचं छत गळायला लागलं. दुरुस्तीपुरती मी उशीला थंड दालनात नेऊन ठेवली, आणि पुढे छातीत कफ झाल्यामुळे दहा आठवडे तिकडे फिरकलोच नाही. परत गेलो तेव्हा लांबलेल्या फांद्या वाळून गेल्या होत्या. खाली मातीलगत नवी, घट्ट, मुठीएवढी उशी धरली होती आणि तिच्यावर सात पांढरी फुलं होती. थंडी पुरेशी मिळाल्याशिवाय त्या जातीला फूल येत नाही. हे पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी मीच रंगवली आहे.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि तुझ्या पहिल्या अर्जाचं आठवलं. बर्फातल्या त्या संशोधन केंद्रावर तुझी निवड झाली होती, आणि डॉक्टरांच्या दाखल्यामुळे ते वर्ष हुकलं. 'तिथली हवा या मुलीला मानवणार नाही,' असं त्यात होतं. त्यावर सही डॉक्टरांची होती, पण वाक्य माझं होतं. त्यांनी तुला तपासून सांगितलं होतं, दमा मागे पडलाय, पोरीला खुशाल जाऊ द्या. मी त्यांच्या हातापाया पडलो. जुनी ओळख, त्यांना नाही म्हणवलं नाही. तू आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपलीस आणि मी तुला काढे करून पाजत होतो. पुढच्या वर्षी तू कुणालाच न विचारता गेलीस, आणि बरं झालं गेलीस. तुझ्या छातीला काही होणार नव्हतं, एकटं राहणं मला मानवणार नव्हतं. हे सांगितल्याशिवाय तुझ्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र. हे वाचून तुझं आमंत्रण मागे घ्यावंसं वाटलं तर घे, मी काही म्हणणार नाही. उशी मी पोस्टानं वेगळी पाठवेन. आणि तरीही मी यावं असं वाटलं, तर तिकडे कोट किती जाड लागतो, तेवढंच कळव. डॉक्टरांना मी या वेळी विचारलेलं नाही.

तुझाच, तीन हवांमध्ये राहून एकीतही न रुळलेला,
बाबा